मुकुट उतरवल्यानंतरची स्वाक्षरी

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळातील रविवारच्या सकाळी ज्यांनी बालवयात अनुभवल्या, ती पिढी आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेविषयी आजवर विपुल लिहिले गेले. साडेनऊच्या सुमारास ओस पडणारे रस्ते, दूरचित्रवाणी संचाला घातलेले हार, ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीवर जमलेली अर्धी आळी, ही वर्णने आता सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्या काळाची एक लहानशी खूण काही घरांत अद्याप जपलेली आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती खूण म्हणजे मालिकेतील कलावंताची स्वाक्षरी असलेले छायाचित्र. कोणी पत्र पाठवून ते मिळवले, कोणाला एखाद्या समारंभात लाभले, तर कोणी घोलवडच्या पुढचे स्थानक असलेल्या गुजरातेतील उंबरगावी, जेथे या मालिकेचे चित्रीकरण चाले तेथे जाऊन ते आणले.

बालपणीच्या या ठेव्याचे आज नेमके काय करावे? सामान्यतः त्याच्या वाट्याला तीनपैकी एक गती येते. त्याला देवघरात स्थान मिळते, ते विक्रीला निघते किंवा घर बदलताना रद्दीत जाते. या तिन्ही गती त्या वस्तूवर अन्याय करणाऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम देवघराचा विचार करू. परिचयातील एका कुटुंबात अरुण गोविल यांची स्वाक्षरी असलेले छायाचित्र मोठ्या श्रद्धेने देवांच्या पंक्तीत ठेवले गेले होते. घरातील आजींनी दुसऱ्याच दिवशी ते तेथून काढावयास लावले. त्या नातवाला म्हणाल्या, “अरे, राम कधी सही करतो का? सही करणारा माणूस आहे. त्याची वस्तू नीट जप, पण ती इथे नको.” आजींचे शालेय शिक्षण बेताचेच होते, पण भूमिका आणि नट यांतील सीमारेषा त्यांना अचूक कळली होती.

ही जाण आजींची एकटीची नव्हे, ती आपल्या परंपरेचीच आहे. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मणांच्या भूमिका करणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात. लीला चालू असताना त्यांची आरती होते, हजारो भाविक त्यांच्यापुढे नतमस्तक होतात. मात्र लीला संपून मुकुट उतरला की ती पुन्हा शाळेत जाणारी मुले असतात. आपल्या कोकणातील दशावताराविषयी तर ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ अशी म्हणच रूढ आहे. रात्रभर सिंहासनावर शोभणारा नट पहाटे रंग पुसून पुढच्या गावाची वाट धरतो. मुकुट असेतोवर वंदन भूमिकेला आणि मुकुट उतरल्यावर आदर कष्टकरी कलावंताला, हा विवेक आपल्या लोककलांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. स्वाक्षरी ही मुकुट उतरवलेल्या त्या माणसाच्या हातची असते आणि म्हणूनच तिचे मोल वेगळे आहे.

त्या माणसाने काय मोजले, हेही आठवले पाहिजे. रामाच्या प्रतिमेमुळे पुढे अन्य भूमिका मिळणे अवघड झाले, असे गोविल यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. हनुमान साकारणारे दारासिंग तेव्हा साठीच्या घरात होते. मराठी वाचकाला तर या मालिकेशी आपुलकीचे विशेष नाते वाटावे. पडद्यावरचे दशरथ-कौसल्या म्हणजे बाळ धुरी आणि जयश्री गडकर हे प्रत्यक्षातील दांपत्य. मंथरा ललिता पवार यांनी रंगवली आणि भरत संजय जोग यांनी. संजय जोग १९९५ साली गेले, ललिता पवार १९९८ साली, जयश्रीबाई २००८ साली, दारासिंग २०१२ साली आणि रावणाची भूमिका अजरामर करणारे अरविंद त्रिवेदी २०२१ साली. यांपैकी कोणाचीही नवी स्वाक्षरी आता मिळणार नाही. ज्या घरात ती आहे, ते घर एका दस्तऐवजाचे राखणदार आहे.

आता बाजाराविषयी. २८ मार्च २०२० पासून, देश टाळेबंदीत असताना, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. २०२४ मध्ये गोविल मेरठहून लोकसभेवर निवडून गेले. अशा प्रसंगांनी जुन्या वस्तूंचे कुतूहल वाढते आणि कुतूहलामागोमाग व्यापारी येतो. स्वतःची वस्तू विकण्याचा अधिकार कोणीही नाकारणार नाही. परंतु विकल्या गेलेल्या छायाचित्राबरोबर त्याची हकीकत जात नाही. ते कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी मिळवले, हे तुटले की उरतो तो केवळ शाईचा फराटा, आणि फराट्याची नक्कल करणे अवघड नाही. शिवाय चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून छापील स्वाक्षरीची छायाचित्रे पाठवण्याचा प्रघात चित्रसृष्टीत जुना आहे. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर ती स्वाक्षरी हातची नव्हे. तेवढ्याने बालपणीची आठवण खोटी ठरत नाही. मात्र जे आहे ते तसेच नोंदवण्याचा प्रामाणिकपणा हवा.

तिसरी गती रद्दीची, आणि तीच सर्वांत अधिक वस्तूंच्या वाट्याला येते. ‘एका फोटोचे काय एवढे?’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचे राजा केळकर संग्रहालय अवश्य पाहावे. दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती अशा वस्तू जमवल्या. त्या काळी लोकांना त्या अडगळ वाटत होत्या; आज त्यांवरून आपल्या पूर्वजांचे घरगुती जीवन उलगडते. १९६४ साली पुण्यातच स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांच्या रिळांबरोबर भित्तिपत्रके आणि छायाचित्रेही जपली. दूरचित्रवाणी मालिकेचे भाग प्रसारकाकडे व निर्मात्याकडे राहतील. पण ती पाहणाऱ्या समाजाचा इतिहास मात्र घरोघरच्या कपाटांतच आहे. उद्याच्या अभ्यासकाला १९८७ चा भारत समजून घ्यावयाचा असेल, तर दहा वर्षांच्या मुलाने पत्र लिहून मिळवलेले ते छायाचित्र त्याला पुष्कळ काही सांगेल.

यासाठी फार खर्चाची वा खटाटोपाची गरज नाही. रंगीत छायाचित्र आणि लेखणीची शाई दोन्ही उजेडाने फिकी पडतात; म्हणून ते उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. त्यावर प्लॅस्टिकचा थर चढवू नये, डिंकाने चिकटवू नये. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून ते कोरड्या जागी ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेगळ्या कागदावर त्याची हकीकत लिहून सोबत ठेवावी. स्वाक्षरी कोणाची, वर्ष कोणते, ती मिळाली कशी, घरी मालिका पाहावयास कोण कोण येत असे, हे सारे त्यात यावे. ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत तोवर हे लेखन झाले पाहिजे, कारण शाईपेक्षा स्मृती लवकर फिकी पडते. येत्या रामनवमीला पूजा-आरती उरकल्यावर कपाटातील ते छायाचित्र काढावे, आजी-आजोबांना शेजारी बसवावे आणि त्यांच्या तोंडून ऐकलेले घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून लिहून घ्यावे.