नाठाळ गुणवंत आणि त्याचे साथीदार

माझ्याकडे सकाळी साडेसहाला गाणे शिकायला जी मुले येतात, त्यांतली तीन-चार बास्केटबॉलची भक्त आहेत. इंदूरला हा खेळ परका नाही; रेसकोर्स रोडवरच्या संकुलात कित्येक वर्षे मुले घाम गाळीत आली आहेत. अमेरिकेतल्या एनबीएचे सामने आपल्याकडे पहाटे नि सकाळी दिसतात. तेव्हा तानपुरा जुळेपर्यंत या मंडळींचे डोळे हातातल्या फोनवर खिळलेले असतात. प्रथम प्रथम मी रागावत असे. पण गेल्या हिवाळ्यात त्यांचा एक वाद कानावर पडला आणि तानपुरा तसाच मांडीवर ठेवून मी ऐकत बसलो.

वाद असा होता : खेळाडू अलौकिक आहे, पण स्वभावाने नाठाळ आहे, त्याला संघात ठेवावे की घालवून द्यावे? एकजण म्हणे, जिंकलेल्या सामन्यांचे आकडे पाहा आणि गप्प बसा. दुसरा म्हणे, असा एक माणूस आला की संघाची सगळी केमिस्ट्री नासते. केमिस्ट्री हा त्यांचा शब्द. आपण त्याला मेळ म्हणू. मला हा वाद नवा वाटेना. आमच्या घरात तो माझ्या लहानपणी वर्षानुवर्षे चालला होता. त्यात बास्केटबॉल तेवढे नव्हते.

मुलांच्या तोंडी सारखे नाव येत होते ते डेनिस रॉडमनचे. ज्यांनी त्याला पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आज हिरवे, उद्या लाल असे रंगवलेले केस, अंगभर गोंदण, पंचांशी भांडण, रात्रभर जागरण आणि सरावाला दांडी, अशी या गृहस्थाची ख्याती. पण टोपलीवरून चुकून परत आलेला चेंडू पकडण्यात त्याच्या काळात त्याला तोड नव्हती. १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम या बाबतीत तो सर्व खेळाडूंत पहिला होता. आणि उंची म्हणाल तर साडेसहा फुटांच्या जरा वर, म्हणजे त्या खेळातल्या धिप्पाड मंडळींत फारशी नव्हे.

१९९३ साली तो डेट्रॉइटहून सॅन अँटोनिओच्या संघात गेला. १९९४-९५ च्या हंगामात या संघाने ८२ पैकी ६२ सामने जिंकले, त्यांचा डेव्हिड रॉबिन्सन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि रॉडमनने दर सामन्याला सरासरी सोळाहून अधिक चेंडू परत मिळवले. तरी शेवट वाईट झाला. शिक्षा, दुखापती आणि लहरी यांच्यापायी त्या हंगामात तो ४९ सामनेच खेळला. बाद फेरीतल्या एका सामन्यात बूट काढून मैदानाच्या कडेला पसरला. पुढे ह्यूस्टनने त्या संघाला ४-२ असे हरवले आणि सगळे खापर रॉडमनवर फुटले. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅन अँटोनिओने त्याला शिकागोला देऊन टाकले. बदल्यात घेतला विल पर्ड्यू नावाचा एक बेताचा खेळाडू. इतका तो नकोसा झाला होता.

शिकागोत त्याच माणसासह ८२ पैकी ७२ सामने जिंकून झाले, आणि १९९६, १९९७, १९९८ अशी ओळीने तीन अजिंक्यपदे आली. १९९६ च्या अंतिम मालिकेत एका सामन्यात २० आणि दुसऱ्यात १९ चेंडू त्याने परत मिळवले. यातले दोन सामने रॉडमननेच जिंकून दिले, असे हरलेल्या सिअॅटलच्या प्रशिक्षकांनी मोकळेपणाने कबूल केले. माणूस काही सुधारला नव्हता. त्या पहिल्याच हंगामात त्याने पंचाला डोक्याने धडक देऊन सहा सामन्यांची शिक्षा ओढवून घेतली. पुढच्या वर्षी कडेला बसलेल्या छायाचित्रकाराला लाथ मारली आणि अकरा सामने बाहेर बसला.

आता, सॅन अँटोनिओत जे विष होते ते शिकागोत औषध कसे झाले? मुले म्हणतात, कारण तिथे मायकेल जॉर्डन होता. खरे आहे, पण अपुरे आहे. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी त्याला घेण्याआधी जॉर्डन आणि पिपेन या दोघांना विचारले होते. पिपेनला विचारणे आवश्यकच होते, कारण १९९१ मध्ये रॉडमनने त्याला मैदानाबाहेर ढकलून हनुवटी फोडली होती. ज्यांना सोसायचे होते त्यांची संमती आधी घेतली, ही गोष्ट मला मोठी वाटते. शिवाय जॅक नावाचा रॉडमनचा एक जुना सोबती संघात घेतला होता. तो त्या हंगामात एकच सामना खेळला. त्याचे खरे काम मित्राला सांभाळणे. म्हणजे नाठाळपणाचाही खर्च अंदाजपत्रकात धरलेला होता.

पण याहून महत्त्वाचे कारण मला वेगळेच दिसते, आणि ते तबलजीच्या घरात वाढल्यामुळे दिसते. रॉडमनला चेंडू नको होता. ७२ विजयांच्या त्या हंगामात जॉर्डनची सरासरी ३०.४ गुणांची, रॉडमनची ५.५. पुढे बसून गाणारे तिथे दोघे होतेच. याने जे काम मागितले ते मागच्या ओळीतले, ज्यासाठी कुणी भांडत नव्हते. १९९४ साली होरेस ग्रँट संघ सोडून गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. आमच्याकडे असे साथीदार होऊन गेले आहेत : मैफलीला उशिरा येणार, आयोजकाशी बिदागीवरून भांडणार, गाडीत सोबत नको म्हणावेसे वाटणार. पण एकदा डग्ग्यावर हात पडला की ठेका असा सरळ की गवयाने डोळे मिटून समेवर यावे. असा माणूस परवडतो. विलंबितात गवई आलाप भरत असताना मध्येच आपली लग्गी सुरू करणारा, स्वभावाने कितीही गोड असो, परवडत नाही.

हे मी मुलांना सांगितले. त्यांतल्या एकाने, तो जरा वकिली बुद्धीचा आहे, मला लगेच अडवले. “मग सर, ड्रेमंड ग्रीनचे काय?”

हा गोल्डन स्टेट संघाचा खेळाडू. त्यालाही गुणांची हाव नाही. चेंडू दुसऱ्याला द्यावा, प्रतिस्पर्ध्याला रोखावे, यातच त्याचे कौशल्य. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे त्याच्या वाट्याला आली. माझ्या कसोटीने तो उत्तम साथीदार. पण २०१६ मध्ये, ७३ सामने जिंकून रॉडमनच्या संघाचा विक्रम मोडलेला त्याचा संघ अंतिम मालिकेत ३-१ असा पुढे असताना, साठलेल्या आगळिकींपायी ग्रीनला पाचव्या सामन्यात बाहेर बसावे लागले. आणि मालिका हातची गेली. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरावात, त्याने पूल नावाच्या स्वतःच्याच संघातल्या तेवीस वर्षांच्या पोराला ठोसा मारला. त्याचे चित्रण फुटले आणि साऱ्या जगाने पाहिले. ग्रीनला दंड झाला, काही दिवस तो संघापासून दूर राहिला. पण हंगामाच्या पहिल्या सामन्यात तो मैदानावर होता. आदल्या वर्षीचा विजेता संघ त्या वर्षी दुसऱ्या फेरीत बाद झाला. २०२३ च्या उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला पाठवले, आणि ग्रीनशी चार वर्षांचा नवा करार झाला.

मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो. घरी गेल्यावरही तो पूल डोक्यातून जाईना.

यात एक चमत्कारिक योग आहे. त्या वेळी गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक होते स्टीव्ह कर, म्हणजे शिकागोत रॉडमनच्या बरोबर खेळलेला गृहस्थ. १९९५ मध्ये शिकागोच्या सरावात याच स्टीव्हला सहकाऱ्याचा ठोसा बसला होता, आणि मारणारा रॉडमन नव्हता. मारणारा होता जॉर्डन! केस रंगवतो तो नाठाळ आणि पोशाख नीटनेटका तो थोर, असे आपण किती सहज धरून चालतो! मात्र जॉर्डनने त्याच दिवशी फोन करून माफी मागितली. स्टीव्हही काही पोर नव्हता, तिशीतला, उलट उत्तर देणारा माणूस होता. आणि तो प्रसंग जगाने पाहिलेला नव्हता. १९९७ च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने अखेरच्या क्षणी चेंडू विश्वासाने त्याच्याच हाती दिला, आणि विजयाची टोपली त्याने केली. ठोसा दोन्हीकडे एकच. पण एकीकडे तो चार भिंतींत मारला आणि चार भिंतींत मिटवला, दुसरीकडे तो भर सभेत पडला, आणि वडीलधारा राहिला, धाकटा गेला.

आता आमच्या घरातला वाद सांगतो. आमचे अण्णा होळकर दरबारच्या अखेरच्या दिवसांत तबल्याच्या चाकरीत होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. पुढचे आयुष्य त्यांनी शिकवण्या आणि साथ यांवर काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. एका मोठ्या बुवांची साथ त्यांनी वीस-बावीस वर्षे केली. बुवांचे नाव लिहीत नाही. गाणे असे की अजून अंगावर काटा येतो, आणि जीभ अशी की तीही आठवते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना गणपतीतल्या एका मैफलीत बुवांनी विलंबित एकतालात मान मागे वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “मास्तर, ठेका द्या. तुमचा तबला ऐकायला लोक आलेले नाहीत.” लोक हसले. अण्णा साठी उलटलेले होते. त्यांनी मान खाली घालून पुढचे दोन तास नुसता ठेका दिला. रिक्षातून परतताना ते काही बोलले नाहीत. घरी आई बोलली, आणि पुष्कळ बोलली. “आता पुरे,” असे तिचे म्हणणे. अण्णांचे म्हणणे, “त्याचा षड्ज लागतो तेव्हा मला दुसरे काही नको असते.” हा संवाद त्यांच्यात किती वेळा झाला असेल, मोजदाद नाही. अण्णा जात राहिले.

मला पुष्कळ वर्षे वाटत असे, की निकाल अण्णांच्या बाजूने लागला; गाणे तर झाले ना! पण त्याच बुवांच्या मागे पेटीवर एक विशीतला तरुण बसत असे, हात विलक्षण गोड. त्यालाही असाच एक टोला भर मैफलीत बसला, आणि त्याने पेटी बंद केली ती कायमची. आज सियागंजात त्यांचे किराण्याचे दुकान आहे. मी हळद-मिरे तिथूनच घेतो. गाण्याचा विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही. बुवांच्या थोरवीचा हिशेब मांडताना ही गेलेली पेटी कुणी वजा करत नाही, आणि बास्केटबॉलच्या शौकिनांच्या आकड्यांतही पूलसारख्यांची वजाबाकी कुठे दिसत नाही.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे. ‘तो नाठाळ आहे का,’ हा प्रश्न मी विचारत नाही. गुणी माणसांत तो दोष पुष्कळांत निघेल. मी विचारतो, त्याची धग लागते कुणाला? रॉडमनची बहुतेक धग पंचांना, अधिकाऱ्यांना, आणि सर्वांत जास्त त्याला स्वतःला लागली. १९९९ मध्ये लॉस एंजलिसने त्याला २३ सामन्यांत निरोप दिला, २००० मध्ये डॅलसने १२ सामन्यांत. २०११ मध्ये खेळाच्या सन्मानमंदिरात त्याला घेतले तेव्हा तो रडला, आणि आपण चांगला बाप झालो नाही याचा खेद त्याने सर्वांसमोर बोलून दाखवला. तेव्हा सोसणारे त्याच्याही घरी होतेच; शिकागोच्या ७२ विजयांत ते धरलेले नाहीत. पण संघापुरते बोलायचे तर बरोबरीच्या माणसांनी, विचार करून, संमतीने त्याला सोसले. धाकट्यांना, ज्यांना नाही म्हणण्याची सोय नसते, सोसायला लावणे ही निराळी गोष्ट आहे. तिथे कितीही करंडक आले तरी मी अण्णांच्या बाजूला नाही. आईच्या बाजूला आहे.

हे लिहायला तसे कारण घडले आहे. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, वय एकोणीस. असा गळा वीस वर्षांच्या शिकवणुकीत मला दुसरा मिळाला नाही. तो उशिरा येतो, चालते. रियाज चुकवतो, त्याचे त्याला भोवेल. पण मागच्या महिन्यात वार्षिक कार्यक्रमाच्या तालमीत एका चौदा वर्षांच्या मुलीचा निषाद उतरला, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत तिची नक्कल केली, आणि मुले हसली. ती दोन दिवस आली नाही. मी तिच्या घरी जाऊन तिला परत आणले. त्याला कार्यक्रमातून काढा, असे काही पालक म्हणाले. काढू नका, लोक त्यालाच ऐकायला येतात, असे दुसरे म्हणाले. मी त्याला सांगितले की तू गाशील, पण आधी तिच्या गाण्याच्या वेळी मागे तानपुऱ्यावर तू बसायचे, पूर्ण वेळ.

यावर तो चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी आला, कोपऱ्यातला तानपुरा काढला आणि तिच्या पट्टीत, काळी चारमध्ये जुळवू लागला. जोडीची एक तार जरा चढी राहिली होती; ती त्याने मी न सांगता उतरवली. तिची माफी मात्र त्याने अजून मागितलेली नाही.