सूत्रांची पोपटपंची

मानसशास्त्राच्या प्रथम वर्षांत संख्याशास्त्राचा तास सुरू झाला, कीं विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. ‘मनाचा ठाव घ्यावयास आलों, येथें आंकडेमोड कशाला?’ असें ते विचारतात. आणि माझे कांहीं व्यवसायबंधु मान डोलावून हा विषयच ऐच्छिक करावा असें सुचवितात. मला हें मुळींच मान्य नाहीं. बुद्धीच्या निरनिराळ्या कसोट्यांतील परस्परसंबंध मोजूं पाहणारा स्पिअरमन हा मानसशास्त्रज्ञच होता. त्याचे १९०४ चे निबंध वगळून बुद्धिमापनाचा इतिहास लिहितांच येणार नाहीं. संख्याशास्त्र हा या घरांतला उपरा पाहुणा नव्हे. तें घरचेंच माणूस आहे.

परंतु सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथीं मारून आम्हां अध्यापकांस हात झटकतां येणार नाहींत. आम्ही शिकवितों काय? सूत्र फळ्यावर लिहावें, आंकडे भरावे, उत्तर कोष्टकाशीं ताडून पाहावें, आणि ०.०५ च्या आंत आलें कीं ‘सिद्ध झालें’ म्हणून मोकळें व्हावें! वस्तुतः त्या आंकड्याचा अर्थ एवढाच, कीं दोन गटांत खरा भेद मुळींच नाहीं असें धरलें, तर केवळ योगायोगानें इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याचा संभव शेंकडा पांचांहून कमी आहे. यावरून आपलें मत शेंकडा पंचाण्णव खरें ठरलें असें मानणें, ही शुद्ध आत्मवंचना होय. जेथें खरा भेद कोठेंच नाहीं अशा वीस स्वतंत्र कसोट्या घेतल्या, तरी त्यांतील निदान एक ‘सिद्ध’ ठरण्याचा संभव शेंकडा ६४ आहे!

या पोपटपंचीचें फळ २०१५ सालीं जगापुढें आलें. प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकांतील १०० प्रयोग पुनः करून पाहण्यांत आले. मूळ प्रयोगांपैकीं शेंकडा ९७ यशस्वी म्हणून छापले गेले होते, पुनःप्रयोगांत तें प्रमाण शेंकडा ३६ वर आलें. याचीं कारणें अनेक असतील, पण ०.०५ ची आंधळी पूजा त्यांतलें एक खास. आणि ते मूळ संशोधक कांहीं या विषयांत नापास झालेले नव्हते! म्हणूनच नापास होणाऱ्या विद्यार्थ्याची मला तितकी चिंता वाटत नाहीं. अर्थ न कळतां पास होणाऱ्याची वाटते.

उपाय अवघड नाहीं. पहिले कांहीं आठवडे सूत्रांस सुट्टी द्यावी. विद्यार्थ्यांनीं नाणें शंभर वेळां उडवावें. वर्गांतील प्रत्येकाच्या झोपेचे तास टिपून, पांच-पांच जणांचे गट पाडून, त्यांच्या सरासऱ्या कशा हेलकावतात तें डोळ्यांनीं पाहावें. योगायोग किती फसवा असतो हें एकदां अनुभवास आलें, कीं सूत्राची गरज त्यांनाच भासेल. आंकडेमोड आतां यंत्रें करितात. विवेक मात्र माणसानेंच शिकवावा लागतो. ज्या अध्यापकास एवढेंहि करावयाचें नसेल, त्यानें विद्यार्थ्यांच्या आळसाविषयीं तक्रार तरी करूं नये.