महापौरपदाचा उमेदवार दाखवा

मंडळी, एक सोपा प्रश्न. 15 जानेवारी 2026 ला महाराष्ट्रातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं. त्याआधी तुमच्या सोसायटीत कार्यकर्ते घेऊन जे जे आले, त्यांपैकी एकाने तरी "मला महापौर व्हायचंय, शहरासाठी अमुक करणार आहे, म्हणून मत द्या" असं म्हटलं? नाही ना? म्हणणार तरी कसा! महापौरपद कुठल्या प्रवर्गासाठी, याची सोडतच निकालानंतर निघाली. आधी परीक्षा, मग मार्क, आणि पोस्ट कोणती ते सगळ्यात शेवटी.

(आरक्षणाला माझा विरोध नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर चर्चेची गाडी तिकडेच वळायची. राखीव जागेवर आलेल्या बाईंच्या हातातही काही पडत नाही, ही खरी रड आहे.)

कारण महापौराला मिळतं काय? अडीच वर्षं, सभागृहाचं अध्यक्षपद, पाहुण्यांचे सत्कार आणि फिती. कारभाराचे अधिकार कायद्याने आयुक्तांकडे, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. आपल्या भाषेत सांगायचं तर महापौराला नुसता रीड अ‍ॅक्सेस, अ‍ॅडमिन राइट्स मंत्रालयात.

मग ज्या नगरसेवकाला डोकं आहे तो काय करतो? स्थायी समितीकडे डोळा लावतो, कारण पैसा तिथून मंजूर होतो. आणि नंतर मुंबई-दिल्लीचा रस्ता धरतो. देवेंद्र फडणवीस 1992 ला नागपूरचे नगरसेवक, 1997 ला महापौर, 1999 ला आमदार. मुरलीधर मोहोळ पुण्यात स्थायी समितीचे अध्यक्ष, मग 2019 ला महापौर, आणि 2024 ला खासदार होऊन थेट केंद्रात राज्यमंत्री. यात त्यांना दोष द्यायचा नाहीये. ज्या खुर्चीत बसून काही करताच येत नाही, ती रेझ्युमेवरची एक ओळ होते. बस स्टॉपवर कोणी घर बांधत नाही.

नगरसेवकाने महापौरपदासाठी 'उभं राहणं' म्हणजे काय असतं, ते बघायचं तर बॉस्टनच्या मिशेल वू यांची कारकीर्द बघा. (तिकडच्या क्लायंटशी रोज रात्री कॉलवर असणाऱ्यांनी तर बघाच.) 2013 ला त्या अख्ख्या शहराच्या मतांवर नगर परिषदेत निवडून आल्या, 2016 ला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. बसप्रवास फुकट करा, ही मागणी नगरसेविका असतानाच लावून धरली. सप्टेंबर 2020 मध्ये, महापौर मार्टी वॉल्श खुर्चीवर असतानाच, त्यांच्याविरुद्ध उमेदवारी जाहीर केली. पुढे वॉल्श केंद्रात मंत्री झाले. नोव्हेंबर 2021 च्या शेवटच्या लढतीत समोर होत्या अनिसा एसैबी जॉर्ज, त्याही नगरसेविकाच. दोघींनी कधी कुठल्या ठरावावर कसं मत दिलं, सगळं लोकांसमोर होतं. वू जिंकल्या आणि 1 मार्च 2022 पासून 23 आणि 29 नंबरच्या बस मोफत धावायला लागल्या. घरभाड्यावर मर्यादा आणण्याचं आश्वासन मात्र राज्याच्या विधिमंडळात अडकलं. म्हणजे सगळं जमलं असं नाही. पण काय जमलं, काय नाही आणि कुणाला जाब विचारायचा, हे बसमधल्या माणसाला माहीत होतं.

आता आमच्या आयटीतल्या दोस्तांचं लाडकं मत. "नगरसेवक सगळे सारखेच रे, त्यापेक्षा एखादा कडक आयएएस आयुक्त बरा." अहो, हा प्रयोग झाला की! मार्च 2022 ला पुण्या-मुंबईच्या सभागृहांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं नुसते प्रशासक होते. रस्ते गुळगुळीत झाले? जून 2025 मध्ये पीएमपीचं किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झालं, तेव्हा ओरडायलासुद्धा पुण्यात एक नगरसेवक नव्हता. दुप्पट! आपण कॅबने जातो म्हणून आपल्याला कळलं नाही, एवढंच. घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारा.

आणि कडक अधिकारी मिळाला तरी टिकतो किती? तुकाराम मुंढे मार्च 2017 ला पीएमपीत आले आणि वर्ष भरायच्या आत नाशिकला गेले. नाशकातून नऊ महिन्यांत पुन्हा बदली. तेव्हा तुम्ही काय केलंत? मेसेज फॉरवर्ड केलेत. दुसरं करण्यासारखं होतंच काय, ज्याला तुम्ही आणला नाही त्याला तुम्ही ठेवू शकत नाही, आणि वाईट निघाला तर घालवूही शकत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनाचा आहे. थेट महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असलं तर रोज भांडणं. नगरपालिकांत असं होतं, खोटं कशाला बोला. तिथे 2016 ला थेट नगराध्यक्ष आणला, 2020 ला रद्द केला, 2022 ला परत आणला. सरकार बदललं की नियम बदलतो. पण ते भांडण निदान सभागृहात होतं, पेपरात येतं. आज तेच भांडण फायलीच्या मार्जिनमध्ये होतं आणि आपल्याला फक्त खोदलेला रस्ता दिसतो. शिवाय इंदूरला 2022 मध्ये महापौर थेट लोकांनीच निवडला. त्या इंदूरच्या स्वच्छतेचे फोटो आपणच एकमेकांना पाठवत असतो ना? मग मतपेटीचंच तेवढं वावडं का?

आपल्याकडे 1998 ला मुंबई-नागपुरात महापौर परिषदेचा, म्हणजे महापौराच्या हातात खरा कारभार देण्याचा प्रयोग झाला होता. लवकरच गुंडाळला. परत आणायचा, वर थेट निवडणूकही हवी, तर 1888 चा मुंबईचा आणि 1949 चा बाकी शहरांचा, असे दोन कायदे विधिमंडळात बदलावे लागतील. तिथे बसणाऱ्या आमदारांना हे कितपत रुचेल, तुम्हीच ठरवा. शहराला एक खरा मालक मिळाला तर त्यांच्या पत्राला, फोनला आयुक्तांकडे आज जी किंमत आहे ती उरणार नाही. विधानसभा 2029 ला आहे. तेव्हा दारात येणाऱ्यांना पेव्हर ब्लॉकबद्दल विचारत बसू नका, ते त्यांचं कामच नाही. या दोन कायद्यांबद्दल विचारा.