काता : केवळ देखावा नव्हे

कराटे म्हणजे विटा फोडणे, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचालींना कराटेत 'काता' म्हणतात. 'कांकू-दाई' या प्रगत कातामध्ये अशा 65 हालचाली आहेत. आरंभी दोन्ही हात वर नेऊन बोटांमधून आकाश पाहतात. पुढे एकदम जमिनीलगत वाकतात. हे सुंदर दिसते. पण ते वाकणे म्हणजे वार चुकवणे होय. अर्थ न समजता केलेला काता घोकलेल्या कवितेसारखा असतो. त्याने पदक मिळेल, संकटात मदत मिळणार नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कित्येक मुली जंगलवाटेने शाळेत येतात. त्यांना चहूकडे लक्ष ठेवावे लागते. काताही चारी दिशांना वळायला शिकवतो. म्हणून शाळेत काता शिकवताना प्रत्येक हालचालीचा उपयोग सांगितलाच पाहिजे. मात्र पहिला वार आपला नसावा, ही गुरू फुनाकोशी यांची शिकवण विसरू नये.