पेटी त्यांची, फळ आपले. मग बागेचा मालक कोण?

गेल्या गणेशोत्सवात मिरजोळ्याला एका आप्तांच्या घरी मुक्काम होता. औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, हापूसच्या कलमांना लागून त्यांचे घर आहे. आरती, नैवेद्य, जेवणे आटोपली आणि पुण्याहून आलेला घरातील नववीतला मुलगा ओटीवर बसून हातातल्या छोट्या यंत्रावर खेळू लागला. सहज डोकावलो. पडद्यावर राजस्थानी धाटणीचे महाल होते, भिंतींवर पुराणकथांची चित्रे होती आणि असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात त्रिशूळ घेऊन निघालेली एक मुलगी होती. तिला बळ देणारी दुर्गा आणि तिची कथा सांगणारा विष्णूही होता. खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’.

“कोणी केला रे हा खेळ?” मी विचारले.

“काका, निन्टेन्डोने,” तो मान वर न करता म्हणाला.

उत्तर चुकीचे होते. निन्टेन्डोने केले ते यंत्र. खेळ केला पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने. म्हणजे त्या मुलाच्याच शहराने. मी तसे सांगताच शेजारी अडकित्ता घेऊन बसलेले घरातील थोरले काका हसले. त्यांचा सारा जन्म आंब्यात गेला आहे. ते म्हणाले, “म्हणजे फळ पुण्याचं आणि पेटी जपानची. तेवढं कळलं. पण उचल कोणाची होती, ते सांगा.”

व्हिडिओ गेमच्या धंद्याचे सारे अर्थकारण त्या एका प्रश्नात सामावलेले आहे. कोकणातील बागायतदाराला ते समजावून सांगावे लागत नाही. मोहोर येण्याआधी व्यापारी आगाऊ रक्कम देतो, मग फळ त्याच्याच गाळ्यावर जाते आणि भाव तोच सांगतो. निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्या आणि त्यांच्या यंत्रांसाठी खेळ करणारे जगभरचे बाहेरचे निर्माते यांचे नाते नेमके असेच आहे.

वखार रिकामी असते तेव्हा

या धंद्याची रीत समजून घेतली पाहिजे. खेळाचे यंत्र अनेकदा अत्यल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकले जाते. खरी कमाई होते ती त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातील वाट्यातून. आज हा वाटा साधारणपणे ३० टक्के असतो. परंतु खेळ नसलेले यंत्र कोण विकत घेणार? आणि सारे खेळ एकटी कंपनी करू शकत नाही. म्हणून बाहेरच्या निर्मात्यांची मनधरणी करावी लागते. कोणाला आगाऊ पैसा, कोणाला जाहिरातीची हमी, कोणाला सोपी साधने, तर कोणाला वाट्यात सूट दिली जाते. त्या बदल्यात एकच मागणी असते : तुझा खेळ काही काळ तरी फक्त आमच्या यंत्रावर येऊ दे.

मात्र ही मनधरणी गरज असेपर्यंतच चालते. १९७९ साली अमेरिकेतील अटारी कंपनीच्या चार प्रज्ञावंत आज्ञावलीकारांनी नोकरी सोडली. त्यांच्या खेळांवर कंपनी कोट्यवधी कमवीत होती. पण खेळावर त्यांचे नाव नव्हते आणि नफ्यात वाटाही नव्हता. त्यांनी ‘ॲक्टिव्हिजन’ ही संस्था उभी केली. यंत्र एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, ही व्यवस्था तेथून सुरू झाली. अटारीने त्यांना न्यायालयात खेचले. अखेर १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्या निर्मात्याने यंत्रमालकाला स्वामित्वशुल्क देण्याची प्रथा पडली.

पुढे निन्टेन्डोने १९८५ पासून अमेरिकेत आपले यंत्र आणले आणि त्यात कुलपासारखी एक चकती बसवली. कंपनीच्या परवान्याशिवाय कोणाचाही खेळ त्यावर चालू नये, हा तिचा हेतू. परवान्याच्या अटीही तशाच होत्या. एका प्रकाशकाने वर्षाला पाचच खेळ आणायचे, आणलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही, आणि खेळाच्या कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या. निन्टेन्डोच्या यंत्राला त्या वेळी तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून निर्माते मुकाट्याने सही करीत होते.

मग १९९४ मध्ये सोनीचे प्लेस्टेशन आले. सोनी या क्षेत्रात नवखी होती, तिची वखार रिकामी होती. म्हणून ती बागेत आली. खेळ स्वस्त तबकडीवर देण्याची सोय तिने केली, निन्टेन्डो मात्र महागड्या कार्ट्रिजलाच चिकटून राहिली. परिणामी ‘फायनल फँटसी’ ही निन्टेन्डोची हक्काची समजली जाणारी मालिका १९९७ मध्ये सातव्या भागासह सोनीकडे गेली. उलट सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ यंत्राकडे इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बलाढ्य प्रकाशकाने पाठ फिरवली, आणि अन्य कारणांबरोबर याचाही परिणाम होऊन २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवणेच सोडून दिले. मायक्रोसॉफ्टने तर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या चौथ्या खेळाचे दोन जोडभाग आपल्या यंत्रावर आधी यावेत म्हणून पाच कोटी डॉलर मोजले.

आणि शेवट? ज्या ॲक्टिव्हिजनने स्वतंत्र निर्मात्याचा झेंडा प्रथम उभारला, तीच कंपनी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६,८७० कोटी डॉलरला विकत घेतली. बागायतदाराला उचल देण्यापेक्षा बागच घेऊन टाकलेली बरी, हा त्यातला विचार. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आपल्या यंत्रावरून जाईल या भीतीने सोनीने अनेक देशांच्या नियामकांपुढे धाव घेतली आणि शेवटी दहा वर्षांच्या करारावर समाधान मानले. येथे कोणी कोणाचा मित्र नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

भारताच्या वाट्याला काय आले?

ही मनधरणी भारतापर्यंत पोहोचली ती उशिरा, आणि कोणत्या कारणाने पोहोचली हेही पाहण्यासारखे आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या ‘ऑरोना टेक्नॉलॉजीज’ने केलेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन २ वर आला. पूर्णपणे भारतात घडलेला प्लेस्टेशनचा हा पहिला खेळ. त्यानंतर विटीदांडू, कबड्डी, पतंग असलेला ‘देसी अड्डा’ आला. मुंबईच्या ‘ट्राइन गेम्स’चा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. त्या वेळी आपल्याकडे चर्चा झाली ती एवढीच, की आराध्य दैवताला हातातल्या कळांनी नाचवावे की नाही. परदेशस्थ हिंदूंपैकी काहींनी आक्षेप घेतला. भावना समजण्यासारखी होती. पण जो प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणी विचारलाच नाही. हे यंत्र २००० सालचे होते. जगाच्या बाजारात त्याची जागा २००६ मध्येच नव्या यंत्राने घेतली होती. उतरत्या वयाच्या यंत्राला भारतातील मध्यमवर्गीय घरांत ग्राहक हवे होते, म्हणून विटीदांडूची आठवण झाली. जानेवारी २०१३ मध्ये त्या यंत्राचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले आणि त्याबरोबर देशी खेळांचा तो ओघही आटला.

‘राजी’ची गोष्ट यापुढची आहे आणि अधिक अभिमानाची आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयान मॉड यांनी उभ्या केलेल्या संस्थेने २०१७ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन केले होते. ते अयशस्वी ठरले. तरीही ती माणसे खचली नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ आला तो प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि संगणकावर तो यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. त्या वर्षीच्या ‘गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. दोन महिन्यांचा तो सौदा या संस्थेने केला यात गैर काहीच नाही. नवख्या बागायतदाराला बाजारपेठेत नाव हवे असते. पण पुराणकथेवर उभ्या असलेल्या या खेळाला हिंदी आवाज मिळाला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत, हे विसरता येत नाही. गिऱ्हाईक आधी परदेशातले धरावे लागले, कारण घरचे गिऱ्हाईक उभे राहिलेले नव्हते.

आता २०२३ पासून सोनीने ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू केला आहे. निवडक भारतीय निर्मात्यांना पैसा, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर प्रवेश, असे त्याचे स्वरूप आहे. मुंबईच्या ‘अंडरडॉग्स स्टुडिओ’चा मानवी तस्करीवरील ‘मुक्ती’ हा खेळ त्यात निवडला गेला आहे. योजनेचे स्वागतच आहे. परंतु काही इंग्रजी वृत्तपत्रांनी ज्या भक्तिभावाने तिचे वर्णन केले, ते वाचून खेद होतो. हे दान नव्हे, ही उचल आहे. उचल घेणे पाप नाही; उचलीला उपकार समजणे हा मात्र मूर्खपणा आहे.

शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे

सोनीने हीच योजना चीनमध्ये २०१६ सालीच सुरू केली होती. तेथून आलेला सर्वांत मोठा धडा मात्र त्या योजनेबाहेरचा आहे. हांगझोऊच्या ‘गेम सायन्स’ने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ आणला. त्यांच्या अभिजात कथेतील वानरवीर हा त्याचा नायक. तीन दिवसांत या खेळाच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या. कन्सोलपैकी तो आधी केवळ सोनीच्या यंत्रावर होता. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर यायला त्याला वर्ष लागले. परंतु त्या निर्मात्याला कोणाच्या ओसरीवर बसून राहावे लागले नाही, कारण त्याच्या पाठीशी चिनी गुंतवणूक होती आणि आपल्या संगणकांसाठी पैसे मोजून तो विकत घेणारा अफाट चिनी वाचक-प्रेक्षक होता. वानरवीर त्यांच्याकडे आहे, तसा आपल्याकडेही आहे. तो त्यांच्याहून जुना आहे. २००९ मध्ये आपण त्याला मोडीत निघालेल्या यंत्रावर बसवला आणि पंधरा वर्षांनी त्यांनी आपल्या वीराला जगाच्या मध्यभागी उभा केला. फरक कथेचा नाही, मागे उभ्या असलेल्या समाजाचा आहे.

आणि येथे बोट आपल्याकडेच वळते. ज्या काळात प्लेस्टेशन २ आपल्या घरांत आले, त्या काळात चोरीच्या तबकड्या पदपथावरून कोणी आणल्या? स्वदेशीवर तावातावाने बोलणाऱ्या, राष्ट्रभक्तीचे संस्कार जपणाऱ्या घरांनीही आणल्या. निर्मात्याचे श्रम चोरणे ही चोरी आहे असे आपल्याला वाटलेच नाही. आजही मुलगा चित्रकलेत, संगणकात रमला आणि खेळ करीन म्हणाला, तर घरात पहिला प्रश्न येतो : हा काय धंदा झाला? जुगाराची भीती खरी होती. पण २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाचा खेळ आणि निर्मळ खेळ यांत स्पष्ट रेषा आखली आहे. आता तरी पालकांनी दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

काही उत्साही मंडळी म्हणतील, परकी यंत्रे नकोतच, आपले यंत्र करू. घोषणा गोड आहे. पण सेगासारखी अनुभवी कंपनी ज्या मैदानातून माघारी फिरली, तेथे केवळ आवेशाने उतरता येत नाही. याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांची स्वदेशी अशी पोकळ नव्हती. त्यांच्या पाठिंब्याने अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा केला, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आधी समाजाचे भांडवल, मग उत्पादन, हा त्यांचा क्रम होता.

आज तोच क्रम हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. हा पैसा इमारतींत आणि उद्घाटन सोहळ्यांत जिरला, तर आणखी एक संधी गेली म्हणून समजावे. त्यातला ठसठशीत हिस्सा थेट पाच-दहा माणसांच्या संस्थांना, खेळ पूर्ण होईपर्यंतच्या दोन-तीन वर्षांच्या पोटापाण्यासाठी मिळाला पाहिजे. ज्याच्या घरात दाणे आहेत, तोच परकी करार वाचून ‘नाही’ म्हणू शकतो. तरुण निर्मात्यांनीही तीन गोष्टींवर अडून बसावे : कथा आणि पात्रे यांची मालकी आपल्याकडेच राहील, एकाच यंत्राशी बांधिलकी ठरावीक मुदतीपुरतीच असेल, आणि आपल्या भाषेतील आवाज पहिल्या दिवसापासून असेल. आणि आपण कुटुंबांनी? वर्षातून एक तरी देशी खेळ पैसे देऊन विकत घ्यावा. पैसा फंडाला याहून अधिक लागत नव्हते.

निघायच्या दिवशी त्या मुलाने खेळाच्या शेवटची नामावली उघडून थोरल्या काकांना एकेक नाव वाचून दाखवले. काकांनी ती सारी ऐकली आणि म्हणाले, “माणसं आपली आहेत हे बरंच झालं. आता बाग गहाण पडू देऊ नका म्हणावं.”