गृहारोग्य : यूरिक ॲसिड व रक्तदाब

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. ती सांगितल्यावांचून या महिन्याच्या विषयाचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. आमच्या थोरल्या वहिनी आतां सत्तरीच्या पुढें गेल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून पुतण्यानें त्यांना हट्ट्याहून वसमतेस नेलें व रक्त तपासविलें. तपासणीचा कागद घरीं आला, तेव्हां त्यांत यूरिक ॲसिडापुढें 7.4 हा आंकडा ठळक अक्षरांत छापलेला होता. झालें ! घरांतील लिहित्यावाचत्या मंडळींनीं आपापलें ज्ञान पाजळलें, आणि त्याच सायंकाळीं वहिनींच्या पानांतून तुरीचें वरण नाहींसें झालें. पाठोपाठ मूग, मसूर, हरभरा, पालक व टोमॅटो यांचीही गच्छंती झाली. चार दिवसांनीं वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढी शाळा शिकवलीत. माझ्या पानांत भाकरी अन् लोणचं तेवढं उरलंय. याला पथ्य म्हणायचं की शिक्षा ?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. परंतु एक प्रश्न सुचला. वहिनींचा रक्तदाब कोणीं मोजला आहे काय ? सर्वांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. दोन वर्षांत कोणींही मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशीं गांवांतील सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांना नेलें. पट्टा दंडावर बांधला, थोड्या विसाव्यानें पुन्हा बांधला, आणि आठवड्यानें तिसऱ्यांदां. तिन्ही वेळां वरचा आंकडा 160 च्या वर व खालचा नव्वदीच्या वर ! ज्या आंकड्याला आम्ही भ्यालों तो बोलून चालून निरोप्या होता. ज्याचा निरोप तो आणीत होता त्याची आम्हीं विचारपूसच केली नव्हती.

आतां हें यूरिक ॲसिड म्हणजे काय तें पाहूं. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीच्या केंद्रांत प्यूरीन नांवाचीं द्रव्यें असतात. जुन्या पेशी मोडतात तेव्हां त्यांतील प्यूरिनांचें शेवटीं यूरिक ॲसिड बनतें. थोडा भाग अन्नांतूनही येतो; परंतु मोठा वाटा, सुमारें दोन तृतीयांश, शरीराच्या घरचाच असतो. तें बाहेर टाकण्याचें काम मुख्यतः मूत्रपिंडांचें, व उरलेलें आंतड्यांचें. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगीं हें द्रव्य आणखी विरघळवून टाकणारें एक पाचक द्रव्य असतें. मनुष्यानें तें फार पूर्वींच गमावलें. म्हणून आपल्या रक्तांत यूरिक ॲसिड इतर प्राण्यांपेक्षां अधिक सांपडतें. एक डेसिलिटर रक्तांत पुरुषांस साधारण 7 व स्त्रियांस 6 मिलिग्रॅमपर्यंतचें प्रमाण योग्य मानतात.

सन 1776 मध्यें स्वीडनचे रसायनज्ञ शेले यांनीं मूतखड्यांतून हें द्रव्य प्रथम वेगळें काढलें. सन 1848 मध्यें लंडनचे डॉक्टर गॅरड यांनीं गाऊटच्या रोग्यांच्या रक्तांत तें वाढलेलें असतें असें दाखविलें. आपल्याकडील वैद्य या रोगाची सांगड वातरक्ताशीं घालतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत त्याला स्वतंत्र अध्याय असून त्याचें एक नांव आढ्यवात, म्हणजे धनवंतांचा वात, असें आहे. सुखवस्तु माणसाचें बैठें जीवन व जड भोजन यांवर आपल्या पूर्वजांची दृष्टि किती नेमकी पडली होती, हें त्या एका शब्दावरून कळतें.

गाऊट व रक्तदाब यांचा संबंध प्रथम ज्यांच्या ध्यानांत आला, त्यांत लंडनच्या गायज् हॉस्पिटलांतील फ्रेडरिक अकबर महंमद हे प्रमुख होत. पाटण्यास जन्मून विलायतेंत स्थायिक झालेल्या शेख दीन महंमद यांचे हे नातू. नाडीच्या ठोक्यांचा आलेख काढणारें यंत्र त्यांनीं सुधारलें आणि 1870 नंतरच्या दशकांत असें प्रतिपादन केलें कीं, मूत्रपिंडें बिघडण्याच्या पुष्कळ आधीं दाब वाढलेला असूं शकतो, व गाऊटची प्रवृत्ति हें त्याचें एक कारण असावें. सन 1884 मध्यें अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं ते वारले, आणि ही कल्पना पुढें बहुतेक विस्मृतींत गेली.

सुमारें सव्वाशें वर्षांनीं ती पुन्हा वर आली. सन 2001 मध्यें उंदरांचें यूरिक ॲसिड मुद्दाम वाढविण्यांत आलें, तेव्हां त्यांचा रक्तदाब चढला व मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या. सन 2011 मध्यें 18 पाहण्यांतील 55,607 माणसांची माहिती एकत्र करण्यांत आली. तींत यूरिक ॲसिड 1 मिलिग्रॅमनें अधिक असलें म्हणजे पुढें रक्तदाब जडण्याचा संभव सुमारें शेंकडा 13 नें वाढतो असें दिसलें. तरुणांत व स्त्रियांत हा संबंध अधिक ठळक होता. सन 2008 मध्यें नुकताच रक्तदाब जडलेल्या 30 किशोरवयीन मुलांस यूरिक ॲसिड उतरविणारें ॲलोप्युरिनॉल चार आठवडे दिलें, तेव्हां 20 जणांचा दाब पूर्ववत् झाला. औषधावांचूनच्या पोकळ गोळीवर मात्र एकाचाच. वाचकांस वाटेल, मग प्रश्न सुटलाच !

परंतु तसें नाहीं. सन 2021 मध्यें 18 ते 40 वर्षांच्या तरुणांवर तोच प्रयोग झाला, त्यांत दाब उतरला नाहीं. सन 2022 मध्यें विलायतेंतील, साठीपुढच्या व हृदयविकार असलेल्या, परंतु गाऊट नसलेल्या पांच हजारांहून अधिक रोग्यांचा निकाल बाहेर आला. ॲलोप्युरिनॉल घेतल्यानें हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यु यांपैकीं कांहींच टळलें नाहीं.

येथें आम्हांस आमचे न्यायशास्त्राचे पाठ आठवतात. धूर दिसला म्हणजे विस्तवाचें अनुमान करावें, हें योग्यच. परंतु विस्तव विझवावयाचा म्हणून कोणी धुराला पंख्यानें वारा घालूं लागला, तर त्यास आपण काय म्हणूं ? शिवाय नैयायिकांनीं आणखी एक बारकावा दाखविला आहे. जेथें विस्तव तेथें धूर, असें उलट म्हणतां येत नाहीं, कारण मध्यें ओलें सरपण हवें. त्याला ते उपाधि म्हणतात. येथेंही ओलें सरपण बरेंच आहे : वाढलेलें पोट, साखरेचा विकार, थकलेलीं मूत्रपिंडें, मद्य, आणि रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या कांहीं मूत्रल गोळ्या. यांतील बहुतेक गोष्टी यूरिक ॲसिडही वाढवितात व दाबाशींही नातें ठेवितात. म्हणून वाढलेला आंकडा पाहिला कीं त्यावर धांवत जाऊन औषध घेऊं नये. त्याच्या मागें काय जळत आहे तें शोधावें. गाऊट किंवा मूतखडा नसतां केवळ आंकड्यासाठीं औषध सुरू करूं नये, असाच सल्ला अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें 2020 मध्यें दिला आहे. ज्यांना गाऊट आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध मुळींच सोडूं नये. मात्र हें औषध क्वचित् अंगावर भयंकर पुरळ आणतें, म्हणून शेजाऱ्याची गोळी उसनी घेण्याचा मोह सर्वांनींच टाळावा.

आतां वरणाकडे वळूं. अमेरिकेंतील 47,150 पुरुषांची बारा वर्षें पाहणी करून 2004 मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, मांस व मासे अधिक खाणारांत गाऊट अधिक, दूध-दही घेणारांत कमी, आणि प्यूरीनयुक्त भाज्या-कडधान्यांमुळें मात्र तो वाढत नाहीं. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत डाळ हाच शरीर बांधणारा मुख्य पदार्थ. तो म्हाताऱ्या माणसाच्या पानांतून काढणें म्हणजे भिंतीला ओल आली म्हणून घराचे खांब काढण्यासारखें आहे. उलट ज्याला आपण निरुपद्रवी समजतों तें साखरेचें सरबत व बाटल्यांतील गोड पाणी मात्र यूरिक ॲसिड वाढवितें. कारण फळांतील व उसांतील साखरेचा एक घटक, फ्रुक्टोज, यकृतांत पचतांना प्यूरिनांची मोडतोड करवितो. ऊस पिकविणाऱ्या आमच्या तालुक्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें !

आणि वहिनींच्या पानांत काय उरलें होतें ? लोणचें ! जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें दिवसाला 5 ग्रॅमपेक्षां कमी मीठ पुरे. लोणचें, पापड व सांडगे यांच्या संगतींत तें केव्हांच ओलांडलें जातें. वरण काढून लोणचें वाढणें म्हणजे आजार सोडून पथ्याशीं वैर करणें होय.

तिसरी एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनीं विचारल्यावरून बाहेर आली. गुडघ्यांसाठीं वहिनी दुकानांतून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या महिनोन्महिने घेत होत्या. अशा वेदनाशामक गोळ्यांनीं रक्तदाब चढतो व मूत्रपिंडांवरही ताण पडतो. शिवाय प्रत्येक सांधेदुखी यूरिक ॲसिडाची नसते. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें 1996 मध्यें 4,092 प्रौढ माणसांची पाहणी झाली, त्यांत 746 जणांनीं हाडासांध्यांच्या दुखण्याची तक्रार केली. पण खरा गाऊट त्यांत अगदीं विरळा निघाला. वहिनींचे गुडघे वयानें झिजले होते, इतकेंच.

तात्पर्य, कागदावर यूरिक ॲसिड वाढलेलें दिसलें तर घरांतील कर्त्या मंडळींनीं पुढील क्रम धरावा. प्रथम रक्तदाब मोजवावा. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा-तंबाखू घेऊं नये. लघवीला जाऊन यावें. पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावें. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर असावा. व त्या वेळीं बोलूं नये. दोनदां मोजावा व लिहून ठेवावा. दवाखान्यांत 140/90 किंवा अधिक दाब वेगवेगळ्या दिवशीं आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सोबत साखर व मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. चालू असलेल्या सर्व गोळ्या, दुकानांतून आणलेल्या धरून, डॉक्टरांपुढें मांडाव्या. परंतु स्वतःच्या मनानें कोणतीही बंद करूं नये. मीठ व गोड आटोक्यांत आणावें, रोज चालावें, आणि मराठवाड्यांतील उन्हाळ्यांत पाणी भरपूर प्यावें. हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा विकार असल्यास किती प्यावें तें मात्र विचारून घ्यावें.

वहिनींना डॉक्टरीणबाईंनीं रक्तदाबाची एक गोळी सुरू केली, दुकानी गोळ्या थांबविल्या व गुडघ्यांचे व्यायाम शिकविले. श्रावणांत दाब 134/82 भरला. यूरिक ॲसिड अद्याप सातच्या आसपास आहे. त्याची भीति आतां कोणाला वाटत नाहीं. सोमवारीं उपास सोडतांना वहिनींच्या पानांत तुरीचें वरण, वर तुपाची धार, आणि लोणच्याच्या जागीं लिंबाची फोड होती. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "शिक्षा संपली वाटतं !" आम्हीं म्हटलें, "शिक्षा तुम्हांला झाली. चूक मात्र आमची होती."