शब्दांच्या याद्या पाठ करून बँड वाढत नाही!



पदवी झाली, पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं ठरलं, की बहुतेक घरांत आयईएलटीएस हा शब्द ऐकू येऊ लागतो. परीक्षेची फी भरायची असते, क्लासची वेगळी. आणि अभ्यासाची सुरुवात कशाने होते? 'प्रगत इंग्रजी शब्दांची' एक जाडजूड यादी घरात येते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ. मुलं ती रात्र रात्र पाठ करतात. आईवडील समाधानाने सांगतात, "आज पन्नास शब्द झाले तिचे."

माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. या याद्यांवर जेवढा वेळ जातो, तेवढा फायदा त्यातून होत नाही. कित्येकदा तर तोटाच होतो. तो का होतो आणि त्याऐवजी काय करावं, हे या लेखात मांडते आहे.

ही परीक्षा नेमकं काय बघते?

आपल्या बोर्डाच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' असतं. वाक्य पॅसिव्ह करा, 'टू' काढून लिहा, 'नो सूनर' वापरून लिहा. नियम आला की गुण मिळाला. त्यामुळे व्याकरण म्हणजे वाक्य बदलण्याची युक्ती, असं मुलांच्या मनात पक्कं बसतं.

आयईएलटीएसमध्ये व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही. शब्दसंग्रहाचाही नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. लेखनाला एकूण ६० मिनिटं. पहिला प्रश्न किमान १५० शब्दांचा, दुसरा निबंधाचा, किमान २५० शब्दांचा. दुसऱ्या प्रश्नाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. निबंध तपासताना चार गोष्टी बघतात: प्रश्नाचं उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपदा कशी आहे, आणि व्याकरणात विविधता व अचूकता किती आहे. चारही निकषांना सारखंच वजन.

म्हणजे लेखनातले निम्मे गुण शब्द आणि व्याकरणाचेच झाले. मग यादी पाठ करणं बरोबर नाही का? इथेच गफलत होते. हे गुणदानाचे निकष जाहीर आहेत, कोणालाही वाचता येतात. शब्दसंपदेत ६ बँडच्या वर्णनात काय आहे? उमेदवार कमी वापरातले शब्द वापरायचा प्रयत्न करतो, पण ते नेमके बसत नाहीत. ७ बँडला असे शब्द शैलीचं आणि शब्दांच्या जोडीचं थोडंफार भान ठेवून वापरलेले असतात. व्याकरणातही ७ बँडला बिनचूक वाक्यं वारंवार यावी लागतात. परीक्षक शब्दाची जागा बघतो. शब्द किती भारी आहे, याचे वेगळे गुण नाहीत.

शब्दांच्या जोड्या: हे आपल्याला मराठीतून कळतंच

शब्दांची जोडी म्हणजे काय, हे मराठी मुलाला समजवायला मोठी व्याख्या लागत नाही. आपण 'मुसळधार पाऊस' म्हणतो, 'घनदाट जंगल' म्हणतो, 'मिट्ट काळोख' म्हणतो, 'टळटळीत दुपार' म्हणतो. कोणी 'टळटळीत संध्याकाळ' म्हटलं तर आपण हसू. 'मुसळधार ऊन' म्हटलं तर चमकून बघू. हा नियम कोणी शिकवला? कोणीच नाही. ऐकून ऐकून कान तयार झाला.

इंग्रजीचंही तेच आहे. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. 'स्ट्राँग रेन' म्हटलं तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याला खटकतं. निर्णय 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. आपल्याला दोन्हीकडे 'करणे' पुरतं, म्हणून मुलं अडखळतात.

आता यादीतून आलेला शब्द बघा. वाहतूक कोंडीवर निबंध आहे. मुलाने 'अमेलिओरेट' हा शब्द पाठ केलाय, अर्थ 'सुधारणे'. तो लिहितो, 'गव्हर्न्मेंट शुड अमेलिओरेट द ट्रॅफिक.' शब्द खरा आहे, स्पेलिंगही बरोबर, पण वाक्य कृत्रिम झालं. त्याऐवजी 'रिड्यूस ट्रॅफिक कंजेशन' लिहिलं असतं, तर तीनही शब्द ओळखीचे आणि जोडी अगदी इंग्रजी. याला मी प्रगत इंग्रजी म्हणते.

'प्रगत शब्द' म्हणजे दुर्मीळ शब्द, हा आपला गैरसमज आहे. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड या अभ्यासिकेने २००० साली विद्यापीठीय इंग्रजीत वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. सगळ्यात जास्त वापराच्या पहिल्या गटात काय आहे? ॲप्रोच, बेनिफिट, फॅक्टर, सोर्स, स्ट्रक्चर, सिग्निफिकंट. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आपल्या मुलांनी ऐकलेला असतो. प्रश्न एवढाच, की तो त्यांना स्वतःच्या वाक्यात वापरता येतो का? 'बेनिफिट' कोणाला 'फ्रॉम' लागून येतं, 'ॲप्रोच' नाम असताना पुढे 'टू' येतं, हे माहीत आहे का?

आणि कुटुंब म्हटलं की सगळी भावंडं ओळखीची हवीत. 'प्रोड्यूस' येतो, पण 'प्रॉडक्टिव्ह', 'प्रॉडक्टिव्हिटी' लिहिताना हात थांबतो. बोलण्याच्या परीक्षेत तर उच्चाराचेही गुण आहेत. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. अर्थ पाठ करून हे येत नाही. तोंडाने म्हणावं लागतं.

व्याकरण: आपली मुलं कुठे अडतात?

व्याकरणाची जाडी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सोडवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका बऱ्याचशा ठरावीक जागी होतात. त्या जागा मराठीतूनच दिसतात.

पहिली जागा, 'जरी... तरी'. मराठीत दोन्ही शब्द लागतात: 'जरी खर्च जास्त असला तरी लोक गाडी घेतात.' मूल इंग्रजीतही दोन्ही घालतं, आधी 'ऑलदो' आणि मग 'बट'. इंग्रजीत एकच पुरतो.

दुसरी, 'जो... तो'. 'जे लोक शहरात राहतात, त्यांना...' म्हणायची सवय. म्हणून 'द पीपल हू लिव्ह इन सिटीज, दे फेस...' असं लिहिलं जातं. तिथला 'दे' काढला की वाक्य शुद्ध.

तिसरी, 'पासून'. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' हे मराठीत साधा वर्तमानकाळ. त्यातून येतं, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.' हवं काय? 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.'

चौथी, 'अ' आणि 'द'. मराठीत ही सोयच नाही, म्हणून हा विषय सर्वांत चिवट. तो एका आठवड्यात सुटत नाही. रोज एक छोटा उतारा घेऊन, त्यातले 'अ' आणि 'द' खोडून, पुन्हा भरायचे. दोन-तीन महिने.

आणि एक बारीक जागा, जिथे खरी प्रगत पातळी कळते. मराठीत आपण म्हणतो, 'मला यायची गरज नव्हती.' मग मी आले होते की नव्हते? मराठीत ते पुढच्या-मागच्या बोलण्यावरून कळतं. इंग्रजीत दोन रूपं आहेत. 'आय नीडन्ट हॅव कम' म्हणजे आले, पण उगाच आले. 'आय डिडन्ट नीड टू कम' म्हणजे गरज नव्हती. आले की नाही, ते पुढे सांगावं लागेल. वर्गात यावर दहा मिनिटं गप्पा मारा. मुलं डोळे मोठे करून ऐकतात, कारण नियमामागे अर्थ असतो हे तेव्हा जाणवतं.

याउलट बोर्डासाठी घोटलेलं 'नो सूनर हॅड...' निबंधात कुठेतरी कोंबलेलं असतं. ते चूक नाही. पण शेजारच्या चार वाक्यांत क्रियापदाला 'एस' लागलेला नसेल, तर त्या एका वाक्याने बँड चढत नाही.

"पण मॅडम, पाठांतराशिवाय शब्द येणार कुठून?"

हा प्रश्न रास्त आहे. परीक्षेला दीड महिना उरलाय, मुलगा नोकरी करून अभ्यास करतोय. त्याला 'भरपूर वाचन कर' म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं. आणि पाठांतराला माझा विरोध नाहीच. पाढे पाठ केल्याशिवाय गणित येतं का? माझं म्हणणं एवढंच, की सुटा शब्द पाठ करू नका. जोडी पाठ करा, आणि त्या जोडीचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य लिहा. रोज फक्त पाच. आठवड्याचे सहा दिवस धरले तरी सहा आठवड्यांत १८० जोड्या होतात. हाताशी असलेल्या १८० जोड्या हजार शब्दांच्या अर्धवट यादीपेक्षा किती तरी जास्त कामाला येतात.

सराव कसा करावा?

१. उलट भाषांतर. चांगल्या इंग्रजीतला सहा-सात ओळींचा उतारा घ्या. मराठीत भाषांतर करा. दोन दिवसांनी मूळ उतारा न बघता, आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करा. मग मूळ शेजारी ठेवून फरक बघा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. भाषांतराला आज आपण उगाच जुनाट ठरवलंय.

२. दिलेला शब्द वापरून वाक्य. केंब्रिजच्या सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षेत हा प्रश्नप्रकार असतो. एक वाक्य, एक न बदलता वापरायचा शब्द, आणि रिकामी जागा तीन ते सहा शब्दांत भरायची, पण अर्थ तोच राहिला पाहिजे. दिसायला 'डू ॲज डायरेक्टेड'सारखंच. फरक असा, की कोणता नियम लावायचा हे मुलानेच ओळखायचं. आयईएलटीएस देणाऱ्यांनीही हा सराव जरूर करावा.

३. चुकांची वही. तीन रकाने: मी काय लिहिलं, बरोबर काय, चूक का झाली. तिसरा रकाना मराठीत लिहू द्या. दर रविवारी वही वाचायची. महिन्याभरात मुलाला स्वतःलाच कळतं, की आपल्या चुका दोनशे प्रकारच्या नाहीत, सात-आठच आहेत.

४. घड्याळ लावून निबंध. आठवड्याला दोन. ४० मिनिटं, २५० शब्द, शेवटची चार-पाच मिनिटं फक्त तपासायला. आणि तपासताना फक्त आपल्या त्या सात-आठ चुकाच शोधायच्या.

पालकांसाठी थोडंसं

क्लास लावताना निकालाचे फलक बघू नका. एकच विचारा: मुलांनी लिहिलेले निबंध तुम्ही तपासून परत देता का? चूक का झाली, हे लिहून देता का? तयार निबंध आणि याद्या देणारे पुष्कळ आहेत. तपासणं हे कष्टाचं काम आहे, आणि फी त्याचीच असते.

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' असं अनेक पालक म्हणतात. खूप करू शकता. निबंधाचे विषय काय असतात? शहरात खासगी गाड्यांवर बंधन हवं का, मुलांनी मोबाईल किती वापरावा, म्हाताऱ्या माणसांची काळजी कोणी घ्यावी. रात्री जेवताना यावर मराठीत बोला. 'तुला काय वाटतं? का वाटतं? उलट बाजू काय?' असं विचारा. ज्याला मराठीत दोन मुद्दे आणि एक उदाहरण सुचत नाही, त्याला इंग्रजीतही सुचणार नाही. लेखनातला एक चतुर्थांश भाग तर प्रश्नाला नीट उत्तर देण्यावरच आहे.

मराठी माध्यमातली मुलं मोठे शब्द येत नाहीत म्हणून स्वतःला कमी समजतात. त्यांची सगळ्यात मोठी ताकद तर घरातच आहे. त्यांना एक भाषा पूर्ण येते. 'मिट्ट काळोख' आणि 'टळटळीत दुपार' यांतला फरक ज्या कानाला कळतो, तो कान 'हेवी रेन'ही शिकतो. त्याला फक्त वेळ आणि तपासणारा माणूस हवा.

म्हणून आजपासून 'किती शब्द पाठ झाले?' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी विचारा, 'आज कुठल्या शब्दाचं वाक्य केलंस? वाचून दाखव बरं.'